सीलबंद डिस्क

"हे यंत्र सांगलीत एकाच्याही घरात शिरता कामा नये," मी म्हणालो, आणि मगदूमवहिनींच्या दुकानात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या अठरा-वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली. मी स्टुलावर उभा होतो. स्टूल वहिनींचंच होतं. वरच्या फळीवरच्या डिस्क काढायला त्या ते वापरायच्या.

"उतर आता, पाय मोडेल," वहिनी म्हणाल्या. "स्टुलाचा म्हणते मी."

सगळे हसले. मीही हसलो, पण उतरलो नाही. मला अजून बोलायचं होतं. त्या दिवसांत मला बोलण्याची फार हौस होती आणि ऐकणारेही मिळत होते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. अभ्यास बेताचा, व्हिडिओ गेमचं वेड मात्र पक्कं. एक नवं यंत्र येणार होतं. टीव्हीला जोडायचं, डिस्क घालायची आणि खेळायचं, इथवर सगळं आमच्या जुन्या यंत्रांसारखंच. फरक असा, की डिस्क पहिल्यांदा ज्याच्या यंत्रात चालेल त्याच्याच खात्यावर ती कायमची नोंदली जाणार होती. मग ती मित्राला देता येणार नाही, विकता येणार नाही, मावसभावाच्या घरी नेऊन लावता येणार नाही. पैसे आपले, पण डिस्कवर हुकूम कंपनीचा. यंत्र बाहेरच्या देशांत विकायला लागलं होतं आणि तिथले लोक खवळले होते. आपल्याकडे ते दिवाळीला येणार होतं. त्याआधीच आरडाओरडा करायचा असं आम्ही ठरवलं, आणि आरडाओरड्याचा पुढारी मी झालो. भरतेश चौगुले, निमंत्रक. असं खाली नाव घालून मी कंपनीला पत्रं पाठवत होतो. एक पत्र स्थानिक पेपरात छापून आलं, फोटोसकट. आईनं ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी लावलं. मी किती शेफारलो होतो हे त्यावरून ओळखा.

पण या सगळ्यात खरं नुकसान कुणाचं होणार होतं, तर वहिनींचं. आम्ही फार तर खेळलो नसतो. वहिनींचं दुकान बसलं असतं.

विश्रामबागेत त्यांचा एक गाळा होता. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सिनेमांच्या सीडी, मग गेमच्या डिस्क, असं करत त्यांनी तो सतरा वर्षं चालवला होता. नवी डिस्क घेण्याची ऐपत आमच्यात दोघा-तिघांचीच. बाकी सगळा कारभार अदलाबदलीचा. आपली खेळून झालेली डिस्क द्यायची, वर थोडी भर घालायची आणि दुसरी न्यायची. आलेली प्रत्येक जुनी डिस्क वहिनी स्वतः पुसायच्या, डबी पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायच्या आणि केस वाळवायच्या ड्रायरनं गरम हवा मारून तो कागद चापून बसवायच्या. धूळ बसू नये म्हणून. आणि वरच्या कोपऱ्यात न चुकता एक लाल टिकली लावायच्या, कपाळाला लावायच्या पाकिटातली. टिकली असली म्हणजे डिस्क जुनी. नव्या गिऱ्हाइकालाही त्या आधी टिकली दाखवायच्या आणि मग भाव सांगायच्या. वहिनींच्या दुकानात फसवणूक नाही, हे सांगलीत डिस्क घेणारा प्रत्येक जण जाणून होता. कित्येक दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून कागद चढवले होते. ड्रायर किती लांब धरायचा हे त्यांनीच मला शिकवलं.

तर त्या स्टुलावरच्या भाषणानंतर चौथ्या दिवशी माझा मामा मस्कतहून आला. बॅग उघडली आणि त्यानं ते नवं यंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

"काय रे, खूश?" मामानं विचारलं. "तिकडं लोक रांगा लावून घ्यायलेत."

मी त्याला सांगायला हवं होतं, की मामा, हे परत ने. निदान तौफिकला तरी सांगायला हवं होतं. तौफिक मुजावर माझा शाळेपासूनचा मित्र आणि आंदोलनाचा चिटणीस. तो ऐकून हसला असता, शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. मी ते खोकं गोधड्यांच्या कपाटात मागं सारलं. शत्रूचा अभ्यास करायला हवा, असं मी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी अभ्यासापुरतं खातं उघडलं, घरच्या राउटरचा पासवर्ड त्याला दिला आणि परत गोधड्यांमागं ठेवलं. खेळायला डिस्क नव्हतीच माझ्याकडे.

इकडे माझ्या पत्रांना फळ आलं. कंपनीचे पुण्याचे प्रतिनिधी दातार यांनी सांगलीला यायचं कबूल केलं. रविवारी सकाळी दहाला, एका सभागृहात, पेपरवाल्यांसमोर, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. ते दोन यंत्रं आणणार होते. आम्ही एक सीलबंद डिस्क आणायची. ती एका यंत्रात लावायची, मग काढून दुसऱ्यात. दुसऱ्यात चालणार नाही आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नियमाचा अन्याय उघडा पडेल. कल्पना माझीच.

डिस्क वहिनींनी मागवली, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून, स्वतःच्या खर्चानं. शुक्रवारी संध्याकाळी मी एकटाच दुकानात असताना त्यांनी ती कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

"तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "इथं दहा जण हात लावतात. उद्या कुणी फोडली बिडली तर सगळंच मुसळ केरात."

"दुसरी मिळायची नाही का?"

"एकच होती त्याच्याकडं. आणि भरतेश, त्या साहेबाशी नीट बोल. तुला बोलता बोलता चेव येतो. माझं दुकान अडकलंय यात, तुझं भाषण नव्हे."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा."

हे मी म्हणालो. अगदी या शब्दांत.

शनिवारी आईबाबा लग्नाला इस्लामपूरला गेले. दुपारी घरात मी, गोधड्यांमागचं यंत्र आणि कागदी पिशवी. मी पुस्तक उघडून बसलो. अर्ध्या तासानं पुस्तक मिटलं.

खात्यावर नोंद होते ती नेटवरून, हे मला तोंडपाठ होतं. भाषणांत मीच ते समजावून सांगत होतो. म्हणजे नेट बंद असलं तर नोंद होणार नाही. मी राउटरचा प्लग काढला. आईचा ड्रायर आणला, डबीवरच्या कागदाच्या जोडावर गरम हवा मारली आणि ब्लेडनं जोड अलगद सोडवला. यंत्रानं विचारलं, नेट नाही, तात्पुरतं सुरू करू का? मी हो म्हटलं. दीड तास खेळलो. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. मग डिस्क पुसून डबीत ठेवली, कागद होता तसा चढवला, वहिनींनी शिकवल्याप्रमाणे ड्रायर वीतभर लांब धरून जोड बसवला. निरखून बघितलं. कुणाला काही कळलं नसतं. राउटर परत चालू केला. यंत्राचा दिवा नारिंगी होता. म्हणजे ते बंद नव्हतं, झोपलेलं होतं. तिकडे मी लक्ष दिलं नाही. नेट आल्याबरोबर त्यानं दुपारचा सगळा वृत्तांत कंपनीला कळवून टाकला असणार. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत होतो.

रविवारी सभागृह भरलं होतं. दातार पन्नाशीचे, मवाळ बोलणारे गृहस्थ निघाले. मला वाटलं होतं कुणी माजोरडा येईल, मग झोडपायला बरं. त्यांनी दोन्ही यंत्रं जोडली, मोठा पडदा लावला. मी माइकवरून दहा मिनिटं बोललो. मग वहिनींना व्यासपीठावर बोलावलं, कारण डिस्क त्यांची. इस्त्रीची हिरवी साडी नेसून त्या आल्या होत्या. सभेत कधी बोलायची वेळ आलेली नव्हती, त्यामुळे पदर सारखा नीट करत होत्या. सभा सुरू होण्याआधीच मी डिस्क त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती दातारांना दिली.

"मॅडम, सीलबंद आहे ना?" दातारांनी माइकवर विचारलं.

"होय. माझ्या दुकानात टिकली नसलेला माल नवाच असतो," वहिनी म्हणाल्या आणि ओळखीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दातारांनी कागद फाडला. डिस्क पहिल्या यंत्रात गेली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, की ही डिस्क आधीच दुसऱ्या खात्यावर नोंदलेली आहे.

मला आधी कळलंच नाही. मग एकदम त्या नारिंगी दिव्याची आठवण झाली.

दातारांनी डिस्क काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. दुसऱ्या यंत्रात घातली. तेच. मग त्यांनी फाटलेला कागद उचलून उजेडात धरला.

"हा कारखान्याचा कागद आहे, पण जोड पुन्हा बसवलेला दिसतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट झालं. "मॅडम, मी कुणावर आरोप करत नाही. पण वापरलेली डिस्क नवी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, हीच आमची तक्रार आहे. आमचा नियम याच्यासाठीच आहे. तुम्हीच तो सिद्ध करून दाखवलात."

पेपरवाला लिहीत होता. वहिनींच्या दुकानात ड्रायर असतो हे पुढच्या पाच रांगांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. वहिनींनी दातारांच्या हातातला कागद घेतला, उलटा केला, जोडावरून बोट फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी," तौफिक खालून म्हणाला, "डिस्क आल्यापासनं कुणाकडं होती?"

सरळ प्रश्न होता. त्याला उत्तरही एकच होतं आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. वहिनी माझ्याकडे बघतच होत्या.

"माझ्याकडंच होती," त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या. त्या थांबल्या हे मला स्पष्ट आठवतं. माइक माझ्या हातात होता. पाच-सहा सेकंद तरी गेले असतील. एवढ्या वेळात माणूस काय काय विचार करतो. पेपरातला फोटो, आईनं लावलेलं कात्रण, स्टुलावरचं भाषण, गोधड्यांमागचं खोकं. पुढारी स्वतःच यंत्र घेऊन बसलाय, असं उद्या सांगलीभर झालं असतं. मी माइक तोंडाशी नेला.

"वहिनींकडून अनवधानानं काहीतरी चूक झालेली दिसते," मी म्हणालो. "त्याबद्दल आमच्या संघटनेच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करतो. पण एका दुकानदाराच्या चुकीमुळे आमची मागणी चुकीची ठरत नाही."

टाळ्या पडल्या. थोड्या, पण पडल्या. प्रसंग छान सावरलास, असं नंतर दोघा-तिघांनी मला येऊन सांगितलं. वहिनी व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्यांनी उतरून गेल्या. तौफिक दारात त्यांना म्हणाला, "असं नको होतं करायला, वहिनी." मी ते ऐकलं.

पेपरात चार ओळी आल्या. नाव नव्हतं, 'विश्रामबागेतील एक दुकानदार' एवढंच, पण सांगलीत नाव कशाला लागतं. गिऱ्हाईक येतच राहिलं, तुटलं नाही लगेच. फक्त डबी हातात घेतली की ते कागदाचा जोड बघायला लागलं. "टिकली पडली तर नाही ना हिची?" असं एकानं माझ्यासमोर विचारलं. वहिनींनी कागद फाडून डिस्क त्याच्या हातात दिली. ज्या बाईनं इतकी वर्षं टिकल्या लावल्या तिला लोक असं विचारत होते, आणि मी शेजारी उभा राहून डब्या बघतोय असं दाखवत होतो. त्यानंतर मी दुकानात जायचं कमी केलं. अभ्यासाचं कारण होतंच.

दीड महिन्यानं कंपनीनं नियम मागं घेतला. जगभरातल्या लोकांनी ओरडून ओरडून घ्यायला लावला. त्यात सांगलीचा वाटा किती होता देव जाणे, पण आम्ही पेढे वाटले. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. सत्काराला वहिनी नव्हत्या. ज्या नियमानं त्यांचं दुकान बसायचं तो नियमच आता उरला नव्हता. तरी आठवड्याभरात तौफिकनं सांगितलं, की वहिनी गाळा सोडतायत. अदलाबदलीला कुणी येईना. जुना माल घ्यायचा तो माणसावर विश्वास टाकूनच.

मी गेलो. घरून निघताना ठरवलं होतं, की आज सांगायचं.

फळ्या रिकाम्या होत्या. वहिनी जमिनीवर बसून खोक्याला दोरी बांधत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"ये. इथं बोट धर, गाठ मारते."

मी बसलो. गाठीवर बोट धरलं.

"वहिनी, ती डिस्क मी फोडली होती. मामानं यंत्र आणलं होतं माझ्यासाठी."

"ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"कागद हातात घेतला तेव्हाच. तू जोड खालपासनं वर नेतोस. किती वेळा सांगितलं तुला, वरनं खाली ने म्हणून." त्यांनी दोरी ओढली. "यंत्राचं माहीत नव्हतं. तुझ्याशिवाय दुसरं कोण असणार, एवढं कळलं."

"मग तुमच्याकडंच होती असं का सांगितलंत? मला वाचवायला?"

"तुला कशाला वाचवू?" वहिनी म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. "मला वाटलं, मी असं म्हटलं की तू लगेच म्हणशील, नाही, वहिनींकडं नव्हती, माझ्याकडं होती. पोरगं घाबरलंय, त्याला जरा वाट करून द्यावी. म्हणून थांबले मी. तर तू माझीच माफी मागितलीस त्या साहेबाकडं."

मी रडायला लागलो. आज विचार केला तर त्या रडण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण वहिनींना उठून मला पाणी आणून द्यावं लागलं.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "तौफिकला, पेपरवाल्यांना. सांगू का, वहिनी?"

"मला विचारून सांगणार आहेस?"

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि तौफिक बाह्या सरसावत आत आला. सामान हलवायला तो आपणहून आला होता. वहिनींवरचा राग धरून बसणारा माणूस नव्हे तो. त्यानं एक खोकं उचलून दाराशी नेलं, मग परत आला आणि वहिनींसमोर जरा अवघडून उभा राहिला.

"वहिनी, एक बोलू? त्या दिवशी मी तुम्हाला बोललो, ते मनाला लावून घेऊ नका. माणसाकडनं होते चूक. आम्ही कुणीपण ते लक्षात ठेवलेलं नाही." आणि तो माझ्याकडे वळला. "होय की नाही, भरतेश?"

वहिनींनी दोरी खाली ठेवली. त्या माझ्याकडे बघत थांबल्या.

"होय," मी म्हणालो.